स्टेअरिंग सरळ, गाडी कुठं ओढत नाही, तरी पुढचे दोन्ही टायर आतून खाल्लेत. कारण काय?

शाळेच्या बाई, खानापूर

नमस्कार मंडळी. मी खानापुरात राहते, शाळा जांबोटीच्या बाजूला आहे. रोजचं जाणं-येणं गाडीनंच, आणि सुट्टीला बहुतेक वेळा बेळगाव. गाडी पेट्रोल स्विफ्ट, टायर १८५/६५ आर १५.

परवा पुढच्या डाव्या चाकाचं पंक्चर काढायला गेले. पंक्चरवाल्यानं चाक काढून आडवं टाकलं आणि मला हाक मारून आतली कड दाखवली. नक्षी पार गेलेली आणि दोन ठिकाणी तारा वर आलेल्या. बाहेरच्या बाजूनं हाच टायर अजून वर्षभर चालेल असा दिसतो. उजवं चाक काढून बघितलं तर तिथंही तीच गत, फक्त तारा अजून दिसत नाहीत. मागचे दोन्ही बरे आहेत.

आता तिघांनी तीन गोष्टी सांगितल्या. पंक्चरवाला म्हणाला अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन, गेलंय. टायरच्या दुकानात म्हणाले कॅम्बर आत गेलाय, म्हणजे चाक वरून आत झुकलंय, ते सुधारायला कॅम्बर किट बसवावं लागेल. ओळखीच्या एकानं सांगितलं की टायरच खराब बनावटीचे आहेत.

मला कळत नाही ते हे: गाडी कुठल्याच बाजूला ओढत नाही. हायवेला स्टेअरिंग हलकं धरलं तरी नाकासमोर जाते. पावसाळ्याआधी एका ठिकाणी अलाइनमेंट करून घेतलं होतं. तेव्हा स्टेअरिंग जरा वाकडं राहायचं, ते त्यांनी सरळ करून दिलं. कागद काही दिला नाही. अलाइनमेंट बिघडलं असतं तर गाडी ओढली नसती का? आणि आधी टायर बदलू की आधी अलाइनमेंट करू? दोन टायर म्हणजे दहा हजारांच्या वरचा खर्च आहे, तो परत वर्षभरात नको.

निपाणीकर

बाई, पहिल्यांदा हवा बघा. आमच्याकडं ऊस सुरू झाला की पिकअप भरून चालवतात आणि हवा कुणी बघत नाही, टायरच्या कडा साफ होतात. तुमचा टायर कंपनीचा दोष वगैरे काही नसणार. दर पंधरवड्याला टायर थंड असताना हवा तपासायची. दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो, त्यावर आकडा लिहिलेला असतो, तेवढीच ठेवायची. पंपावरचा पोरगा सगळ्या गाड्यांत एकच आकडा मारतो, त्याला आपण सांगायचं.

चोर्ला लाईन

ताई, मी बेळगाव-पणजी टॅक्सी चालवतो. आमच्या गाड्यांचे पुढचे टायर आतून जातातच ओ. घाटात वळणंच तशी आहेत. आम्ही काय करतो, अर्धा टायर झिजला की रिमवरून काढून उलटा चढवायचा. आतली बाजू बाहेर, बाहेरची आत. तेवढेच आणि दहा-पंधरा हजार किलोमीटर निघतात. अलाइनमेंट म्हणाल तर केलं की चार दिवसांत परत जातंय, त्या रस्त्याला टिकत नाही. म्हणून मी तर त्यावर पैसेच घालायचं सोडलोय.

उद्यमबागकर

बाई, नमस्कार. मी बेळगावात उद्यमबागेत आधी लेथवर होतो, आता बरीच वर्षं अलाइनमेंटच्या मशीनवर आहे. तुमच्यासारखी गाडी घेऊन माणसं येतात तेव्हा बहुतेकांनी आधीच दोन नवे टायर घातलेले असतात, आणि त्या नव्या टायरची आतली कड महिन्या-दोन महिन्यांतच खरखरीत लागायला लागलेली असते. ते बघून जीव तळमळतो. तुम्ही टायर घेण्याआधी विचारलंत हे फार बरं झालं. जरा सविस्तर लिहितो.

आधी तुमची मुख्य शंका. नुसता पुढच्या चाकांचा टो बिघडला तर गाडी ओढत नाही. हे नीट समजून घ्या, कारण निम्मी माणसं इथंच फसतात. वरून बघितलं तर दोन्ही चाकांची तोंडं थोडी आत असली की टो-इन, थोडी बाहेर फाकलेली असली की टो-आऊट. गाडी चालायला लागली की पुढची दोन्ही चाकं ती फाकलेली तफावत आपापसात निम्मी-निम्मी वाटून घेतात. बैलगाडीचे दोन्ही बैल सारख्याच जोरानं बाहेर ओढत असले तर गाडी सरळच जाते, दमतात ते बैल. तसंच इथं गाडी सरळ जाते आणि झिजतो तो टायर. दोन्ही बाजूंचा टो सारखा नसला तर स्टेअरिंग वाकडं राहील, खरं गाडी ओढणार नाही. ओढते ती वेगळ्या कारणांनी: डाव्या-उजव्या कॅम्बरमध्ये किंवा कॅस्टरमध्ये (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा पुढं-मागं कल) फरक असला, एका चाकात हवा कमी असली, एका चाकाचा ब्रेक पूर्ण सुटत नसला, किंवा टायरच आतून एका अंगाला गेलेला असला. आणि आपले रस्ते पाणी वाहून जायला मधे उंच आणि कडेला उतरते असतात, त्यामुळं गाडी किंचित डावीकडं झुकणं हे तर बिघाडातच धरायचं नाही.

आता तुम्ही लिहिलंय की पावसाळ्याआधी स्टेअरिंग वाकडं होतं ते 'सरळ करून दिलं' आणि कागद दिला नाही. मला संशय तिथंच येतो. स्टेअरिंग सरळ करणं आणि अलाइनमेंट करणं ही दोन वेगळी कामं आहेत. स्टेअरिंगच्या रॅकला दोन टोकांना चाकं वळवणारे दोन टाय रॉड असतात. दोन्ही मोजून, सारख्या हिशेबानं फिरवले तर टो आणि स्टेअरिंग दोन्ही जागेवर येतं. घाईत एकाच बाजूचा रॉड दोन-तीन आटे फिरवला तरी स्टेअरिंग सरळ होतं, गिऱ्हाईक खूश होऊन जातं, खरं टो कुठल्या कुठं गेलेला असतो. तुमच्या गाडीचं तसंच झालंय असं मी इथं बसून ठामपणे म्हणणार नाही. कागद असता तर कळलं असतं. म्हणून कागद मागायचाच, काम करायच्या आधीचे आकडे आणि नंतरचे आकडे, दोन्ही.

थोड्याशा टोनं एवढं काय होणार असं वाटतं ना? हिशेब करून बघा. तुमच्या टायरचा व्यास साधारण ६२ सेंटीमीटर. तेवढ्या व्यासावर एकूण ३ मिलिमीटरचा टो चुकला, म्हणजे प्रत्येक चाकाला दीड मिलिमीटर, तर एका किलोमीटरमागं प्रत्येक टायर जवळपास अडीच मीटर आडवा घासला जातो. म्हणजे खानापूर ते बेळगाव २६ किलोमीटर धरा, एका फेरीत साठ-बासष्ट मीटर. डोळ्याला ३ मिलिमीटर दिसतसुद्धा नाहीत. टो-आऊट असला तर हे घासणं आतल्या कडेवर जास्त पडतं, टो-इन असला तर बाहेरच्या कडेवर.

टायर स्वतःच सांगतो काय झालंय ते. उजव्या टायरवर, जिथं तारा नाहीत तिथंच, हात फिरवून बघा. डाव्यावर चुकूनही फिरवू नका, तारा हातात घुसतील. नक्षीवरून तळवा आतून बाहेर न्या, मग बाहेरून आत आणा. एका दिशेला गुळगुळीत आणि उलट दिशेला करवतीसारखं खरखरीत लागलं तर तो टोचा दोष. आतून बाहेर जाताना गुळगुळीत आणि बाहेरून आत येताना खरखरीत, तर टो-आऊट. याच्या उलट लागलं तर टो-इन. आणि आतली कड झिजलीय पण दोन्ही दिशांना सारखीच गुळगुळीत लागतेय, तर कॅम्बरकडं बघायचं. कॅम्बरची झीज सपाट असते, तिला धार येत नाही. नक्षीत जागोजागी खड्डे-खड्डे पडलेत असं वाटलं तर शॉकअप (धक्के झेलणारा शॉक ॲब्झॉर्बर) किंवा चाकाचं बॅलन्सिंग बघायचं.

निपाणीकर, हवेचं तुम्ही सांगितलं ते शंभर टक्के गरजेचं, पण हवा कमी असली की दोन्ही कडा झिजतात आणि जास्त असली की मधला पट्टा झिजतो. एकच कड झिजायला हवा हे मुख्य कारण होत नाही. तरी अलाइनमेंटच्या आधी चारही चाकांत हवा बरोबर हवीच, नाहीतर गाडी एका अंगाला बसते आणि मशीनवरचे आकडेच चुकतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि यावर मी गिऱ्हाइकाशी भांडतोसुद्धा. अलाइनमेंट हे शेवटचं काम आहे. त्याच्या आधी खालचे सांधे बघितलेच पाहिजेत. तुमचा जांबोटीचा रस्ता मला माहीत आहे. समोरून बस आली की एक बाजू डांबराखाली उतरवायची, मग परत वर चढताना डाव्या पुढच्या चाकाला डांबराच्या कडेचा मार बसतो. पावसाळ्यात पाण्यानं भरलेला खड्डा किती खोल ते कळत नाही. गावागावात हंप, त्यातले काही अचानक समोर येणारे. हा सगळा मार चाकाला खालून धरणाऱ्या लोअर आर्मच्या रबरी बुशला, त्याच्या टोकाच्या बॉल जॉईंटला आणि टाय रॉडच्या टोकाच्या सांध्याला, म्हणजे टाय रॉड एंडला, बसतो. बुश फाटलेलं असलं तर उभ्या गाडीवर मशीन सगळे आकडे हिरवे, म्हणजे बरोबर, दाखवेल. गाडी रस्त्यावर गेली, ब्रेक दाबला, खड्ड्यात आपटली की चाक आपली जागा सोडतं आणि लावलेला टो तिथं राहत नाही. चोर्लावाले दादा, तुमचं अलाइनमेंट चार दिवसांत जातंय ते रस्त्यामुळं कमी आणि ढिल्या सांध्यांमुळं जास्त जात असणार. एकदा सांधे बघून मग करून बघा, माझं ऐका.

बाई, तुमच्या मेस्त्रीला असं सांगा: पुढची बाजू जॅकवर घेऊन खाली स्टँड लावा, नुसत्या जॅकवर कुणी खाली शिरायचं नाही. चाक डाव्या-उजव्या बाजूला, घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी धरून हलवा. कट-कट असं ढिलं लागलं तर टाय रॉड एंड बघा. मग वर आणि खाली, बारा आणि सहाच्या जागी धरून हलवा. तिथं ढिलं असलं तर बॉल जॉईंट किंवा बेअरिंग. बुश बघायला टॉमी (लोखंडी पहार) घालून लोअर आर्म रेटायचा, फाटलेलं रबर लगेच डोळ्याला दिसतं. काम अर्ध्या तासाचं आहे. हे न करता तुमची गाडी थेट मशीनवर घेणाऱ्याकडं जाऊ नका.

कॅम्बर किट आत्ता बिलकुल नको. तुमच्या गाडीत पुढं कॅम्बरची वेगळी सेटिंग कंपनीनं ठेवलेलीच नाही, नेहमीच्या कामात टोच लावायचा असतो. कॅम्बर खरोखर बाहेर गेला असेल तर काहीतरी वाकलंय किंवा झिजलंय. ते शोधून बदलायचं. किट घालून आकडा हिरवा केला तर वाकलेला भाग आतच राहतो.

आणि मशीनवर गेल्यावर बाजूला खुर्चीत बसून राहू नका, जवळ उभ्या राहा. चाकांवर क्लॅम्प नीट बसलेत का, गाडी थोडी मागं-पुढं ढकलून मशीननं रिमचं वाकडेपण हिशेबात घेतलं का, स्टेअरिंग मधोमध धरून स्टँडनं बांधलं का, पुढची चाकं फिरत्या प्लेटांवर आहेत का, एवढं बघा. चाक हातानं डावी-उजवीकडं फिरवून कॅस्टर घेतात, तेही बघा. रॉड लावून झाल्यावर लॉक नट घट्ट आवळला की नाही हे तर विचाराच. विचारलं म्हणून चांगला माणूस रागावत नाही.

टायर उलटा चढवण्याबद्दल: ज्या टायरवर फिरायची दिशा दाखवणारा बाण आहे किंवा आत-बाहेर अशी बाजू लिहिलेली आहे तो उलटा करायचा नाही. साधा असेल तर करता येतो, खरं कड अजून भरपूर शिल्लक असताना. टायरच्या खोबणीत मधे मधे रबराचे आडवे उंचवटे असतात, बाजूला टीडब्ल्यूआय लिहून खूण केलेली असते. नक्षी त्या उंचवट्याला टेकली की १.६ मिलिमीटर उरली, त्याच्या खाली कारचा टायर रस्त्यावर चालवायचा नाही, कायद्यानंही नाही. तारा दिसल्या की तो टायर संपला. बाई, तो डावा टायर आजच काढून स्टेपनी लावा, आणि बेळगावला येईपर्यंत सावकाश या.

चोर्ला लाईन

अण्णा, नीट सांगितलासा. बुशचं खरं असेल. माझ्या गाडीत हंपवरून जाताना डाव्या बाजूला खालून टक-टक वाजतंय, मी शॉकअप समजून सोडून दिलोय. खरं मला एक सांगा, ८०-९० ला गेलं की स्टेअरिंग थरथरतंय, तेही अलाइनमेंटच का?

उद्यमबागकर

नाही, ते बॅलन्सिंग. ठरावीक वेगाला स्टेअरिंग थरथरलं, त्याच्या वर-खाली कमी झालं, तर चाकाचं वजन एका बाजूला जास्त आहे. रिमला शिशाचे तुकडे लावून ते सारखं करतात. घाटात चिखल रिमच्या आत वाळून बसला तरी असंच होतं, आधी रिम आतून धुऊन बघा. रिम वाकलं असेल तर बॅलन्सिंगच्या मशीनवर फिरताना लगेच डोळ्याला दिसतं. थरथर फक्त ब्रेक मारताना येत असेल तर ब्रेक डिस्क बघायची. आणि ती टक-टक अंगावर काढू नका, बॉल जॉईंट निसटला तर घाटात चाक आडवं होतं. तुमच्या गाडीत रोज लोकं बसतात.

शाळेच्या बाई, खानापूर

काल सगळं करून आले, म्हणून लिहिते. हात फिरवून बघितला, उजव्या टायरवर बाहेरून आत येताना खरखरीत लागलं, आतून बाहेर जाताना नाही. म्हणजे तुम्ही सांगितलेला टो-आऊट. मेस्त्रीनं डाव्या बाजूचं लोअर आर्मचं मागचं बुश फाटलेलं दाखवलं. डावा टाय रॉड एंडही ढिला होता. दोन्ही बदलले. उजवीकडचं सगळं घट्ट होतं.

मशीनवर उभी राहून बघितलं. स्टेअरिंग बांधायच्या आधीच आकडे घ्यायला लागले होते, मी विचारल्यावर स्टँड आणला. कागद मिळाला. आधीचे आकडे: टो डावा उणे ०.२८, उजवा उणे ०.२६. कॅम्बर डावा उणे ०.६, उजवा उणे ०.५. नंतरचे: टो डावा ०.०३, उजवा ०.०३. कॅम्बर होता तेवढाच. सगळे आकडे अंशात आहेत. मागच्या चाकांचे आकडे हिरवेच होते.

टायर अजून घेतले नाहीत. सध्या डावीकडं स्टेपनी आहे. आता दोन नवे पुढंच घालायचे ना?

उद्यमबागकर

बाई, छान काम करून घेतलंत. आकडे अगदी बोलके आहेत. उणे म्हणजे टो-आऊट, म्हणून दोन्ही टायर आतून गेले. आणि तो दोन्ही बाजूंना जवळजवळ सारखा, म्हणून स्टेअरिंगही सरळच राहिलं. ०.२७ अंश धरला तर किलोमीटरला पावणेपाच मीटर आडवं घासणं होतं, मी वर हिशेबाला धरलं होतं त्याच्या जवळजवळ दुप्पट. एवढ्यात तारा दिसणारच. कॅम्बर दोन्हीकडं थोडा उणे आहे आणि त्यांच्यात फरक ०.१ चा, तो तसाच असू द्या. किटचे पैसे वाचले.

हे मोजमाप बुश आणि टाय रॉड एंड बदलल्यानंतर घेतलेलं दिसतंय. तसं असेल तर त्याआधी टो नेमका एवढाच होता असं नाही, रस्त्यावर चालताना तो इकडंतिकडंही होत असणार, कारण तेव्हा बुश फाटकं आणि टाय रॉड एंड ढिला होता.

नव्या टायरचं. माझं मत ठाम आहे: नवे दोन मागं घाला आणि मागचे चांगले दोन पुढं आणा.

चोर्ला लाईन

अण्णा हे मला पटालंय नाही. ब्रेक पुढं लागतोय, वळणं पुढची चाकं घेतायत, इंजिन पुढची चाकं ओढतंय. मग चांगले टायर मागं कशाला?

उद्यमबागकर

दादा, प्रश्न बरोबर आहे, सगळ्यांनाच असं वाटतं. पाण्यानं भरलेल्या रस्त्यावर पुढचं चाक घसरलं तर गाडी वळणावर सरळ जायला लागते. आपण ॲक्सिलरेटर सोडतो, वेग उतरतो, पकड परत येते. माणूस घाबरला तरी आपोआप तेच करतो. मागचं चाक घसरलं तर गाडीची शेपटी फिरते, आणि तेव्हा ॲक्सिलरेटर सोडणं किंवा ब्रेक मारणं हेच उलटं पडतं. तुमच्यासारखा घाटातला ड्रायव्हर कदाचित आवरेल. बाईंवर शाळेला जाताना कणकुंबीच्या बाजूनं भरून आलेल्या पावसात ते आवरायची वेळ येऊ नये, असं मला वाटतं. टायर कंपन्याही हेच सांगतात, दोनच नवे घेतले तर ते मागं. अट एकच, मागचे जे पुढं आणणार त्यांची नक्षी चांगली हवी, फार जुने नकोत. तुमचे मागचे बरे आहेत म्हणालात, तरी एकदा मोजा.

मोजायला काही लागत नाही. काडीपेटीतली काडी खोबणीत उभी करायची, वरच्या कडेला नखानं खूण करायची आणि पट्टीवर धरायची. एकाच जागी नाही, आत, मधे आणि बाहेर अशा तीन जागी मोजा आणि गाडीच्या पुस्तकात मागच्या पानावर लिहून ठेवा. नव्या टायरला सात-आठ मिलिमीटर असते. दीड-दोन हजार किलोमीटरनंतर परत त्याच तीन जागी मोजा. आत आणि बाहेर सारखंच उतरत असेल तर अलाइनमेंट टिकलंय. आत जास्त उतरायला लागलं तर लगेच या, टायर अजून वाचवता येतो. नंतर दर आठ-दहा हजारांना टायरची अदलाबदल करायची: पुढचे सरळ मागं, मागचे डाव्याचा उजवा, उजव्याचा डावा करून पुढं. बाणवाले टायर असले तर बाजू बदलायची नाही, त्याच बाजूला पुढं-मागं. अलाइनमेंट तेव्हाच तपासून घ्या. मधे मोठ्या खड्ड्यात आपटली किंवा सांधा बदलला तर वाट बघायची नाही.

निपाणीकर

स्टेपनीचं राहिलं की. बाई ती किती जुनी हाय? आमच्याकडं गाडी विकेपर्यंत स्टेपनी कुणी हवा मारून बघत नाही.

शाळेच्या बाई, खानापूर

गाडीबरोबर आलेलीच आहे. बाजूला शेवटी ३२१७ असे चार आकडे दिसतात.

उद्यमबागकर

३२१७ म्हणजे २०१७ सालच्या ३२ व्या आठवड्यात बनलेला. नक्षी नवीकोरी असली तरी एवढ्या वर्षांत रबर कडक होतं, बाजूच्या भिंतीला बारीक भेगा पडतात. उजेडात नीट बघा. भेगा असतील तर तो रोजच्या चाकावर ठेवू नका, नुसता अडीअडचणीला गावापर्यंत पोचायला ठेवा आणि हवा भरलेली ठेवा. नवे दोन घेताना हेच चार आकडे दुकानात आधी वाचा, दोघांचे आठवडे जवळपासचे असू देत, आणि दोन्ही एकाच नक्षीचे. बसवून झाले की बॅलन्सिंग करून घ्या. सांधे आणि टो झालेले आहेत, टायर बदलले म्हणून अलाइनमेंटचे परत पैसे देऊ नका.